बाराव्या पत्राचा मायना

आमच्या नरवडे सरांना मी आयुष्यात एकदाच व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवला. 'हाय सर', एवढाच. पुढचं काही टाइप करायच्या आत ऑफिसातला फोन आला आणि ते राहून गेलं. अर्ध्या तासात सर आमच्या दारात उभे. पायात स्लीपर, डोक्याला मफलर, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत बामची डबी.

"काय दुखायलंय रे?" सरांनी विचारलं.

"कुठं काय, सर?"

"मग 'हाय' कशाला लिव्हलंस? म्हटलं पोरगं कळवळायलंय. पुढं लिहायचं सुद्धा त्राण नाय."

माझी बायको सुनंदा ओट्याशी तोंडात पदर कोंबून हसत होती. सरांनी शांतपणे चहा घेतला, बामची डबी टीपॉयवर ठेवली आणि जाताना म्हणाले, "राहू दे. पत्राला मायना नसला का पुढं कुठं ना कुठं दुखतंयच."

ती डबी आमच्याकडे वर्षभर पुरली. माझं वय बावन्न, कंबर त्याहून जुनी.

मायना हे सरांचं वेड होतं. मायना म्हणजे पत्राची ती वरची ओळ. ती. स्व. बाबांस, चि. अमक्यास, श्री. तमक्यांस. थोरल्यांना ती. म्हणजे तीर्थरूप, धाकट्यांना चि. म्हणजे चिरंजीव, बाकी जगाला श्री. सरांच्या हातात कसलाही कागद पडला की ते आधी फक्त ती ओळ वाचत, कागदाची घडी करत, दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत आणि मग उरलेलं वाचत. लग्नाच्या पत्रिका ते लाल पेनानं तपासून, दुरुस्त करून, आहेर करताना यजमानाच्या हातात देत. मुकुंदवाडीत त्यामुळे त्यांना पत्रिका द्यायला लोक जरा बिचकत. पण द्यायचे राहत नसत, कारण निम्म्या मुकुंदवाडीला सरांनी विज्ञान शिकवलं होतं.

हो, विज्ञान. मराठी नव्हे. मायन्याशी त्यांचा शाळेपुरता संबंध आला तो एकदाच, आणि त्याला कारण मी.

मी नववीत होतो. मराठीच्या बाई रजेवर गेल्या म्हणून तास सरांकडे आला. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाले, "नातेवाइकाला खरंखुरं पत्र लिहा, पोस्टात टाका. उत्तर आलं का मार्क." मी पैठणच्या मावशीला लिहायचं ठरवलं. तिनं मला स्वेटर विणून पाठवला होता, तेव्हा मायना भारदस्त हवा. आमच्या घरी आजीच्या नावाची कार्डं यायची, त्यांवर 'गं. भा.' लिहिलेलं असायचं. मला वाटायचं, ही नामदार-सरदार यांच्यासारखी मोठी पदवी असणार. मी झोकात लिहिलं, 'गं. भा. मावशीस साष्टांग नमस्कार'. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, आणि ते फक्त नवरा गेलेल्या बाईलाच लिहितात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आठव्या दिवशी मावशी शाळेत आली. एका हातात माझं कार्ड, दुसऱ्या हातात काकांचं मनगट.

"हे घ्या मास्तर, घेऊनच आले," ती वर्गाच्या दारातून म्हणाली. "हलवून बघा. जित्ता हाय का नाय ते तुमीच सांगा."

काका बिचारे वर्गाकडे बघून कसंनुसं हसले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मावशीची माफी मागितली आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळले. मी हात पुढे करून छडीची वाट बघत होतो. सर म्हणाले, "दोन अक्षरं अन् दोन टिंबं. तेवढ्यात माणूस मारलास की रे, दिलीप!" मग वही काढून मला दहापैकी दहा मार्क दिले. "उत्तर आलं ना? अन् तेबी पायानं चालत आलं."

पुढे मी शिकलो, पॉलिटेक्निकच्या ऑफिसात चिकटलो, हेडक्लार्क झालो. पत्रं लिहिणं हाच माझा धंदा झाला. 'प्रति, श्री. अमुक, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की'. दिवसाला चाळीस. सरांना याचं फार कौतुक. "आमचा दिलीप पत्रांत नोकरीला हाय," असं ते लोकांना सांगत. दर वाढदिवसाला मला त्यांचं कार्ड यायचं. आमच्या दोघांच्या घरांत तीन गल्ल्यांचं अंतर, तरी कार्ड पोस्टानंच. 'चि. दिलीप यास अनेक उत्तम आशीर्वाद'. खाली मजकूर कधी दोन ओळी, कधी नुसता तापमानाचा आकडा. मायना मात्र मोत्यासारखा.

निवृत्तीनंतर सरांनी मुलांसाठी विज्ञानकथा लिहायला घेतली आणि टाइप करायचं काम माझ्या गळ्यात आलं. शहरातून एक मुलांचं मासिक निघायचं, म्हणजे संपादकांना आठवण झाली की निघायचं, त्यात ती क्रमशः येऊ लागली. कथा सगळी पत्रांतूनच. गोदावरीकाठच्या गावातली सोळा वर्षांची यमुना एका यानातून दूरच्या ताऱ्याकडे निघते. यान जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं जातं. मागे तिचा धाकटा भाऊ वासू राहतो, आठ वर्षांचा. त्याला दर पाच वर्षांनी एकच पत्र पाठवायची मुभा आहे. पण इकडे पाच वर्षं होतात तेव्हा यानात यमुनेचे दोनच महिने जातात.

"सर, हे खरं असतं?" मी टाइप करताना विचारलं.

"वेगात गेलं का घड्याळ मंद पडतंय. शिकवलं होतं तुला. तू तवा खिडकीतून मालगाडीचे डबे मोजत होतास."

तर पहिलं पत्र, वासू आठ वर्षांचा : 'ती. ताईस, शि. सा. न.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार. दुसरं, वासू तेरा वर्षांचा : तोच मायना. तिसऱ्या पत्रात घोटाळा होतो. मला ते अजून पाठ आहे. 'आज मी अठराचा झालो. हिशेब केला तर तू सोळा वर्षं चार महिन्यांची. आता तुला ती. लिहू का चि.? मला काहीच सुचेना. मायना रिकामा सोडतोय. तूच भरून घे.' चौथं, पाचवं, सहावं, तिन्ही पत्रं तशीच, वरची ओळ रिकामी. सातव्या पत्रात वासू अडतीसचा. 'माझी पोरगी आज तुझ्याएवढी झाली. तिला जे लिहितो तेच तुला लिहायला पायजे. चि. ताईस, अनेक उत्तम आशीर्वाद. लिहिलं एकदाचं. ताई, तीन कागद फाडले गं.'

हे टाइप करताना मला चष्मा पुसावा लागला होता. सरांनी विचारलं, तर मी पंख्याची धूळ म्हणून सांगितलं. पंखा बंद होता.

अकरा पत्रं छापून आली. बारावं तेवढं राहिलं. यमुना परत येते तेव्हा ती अठराला टेकलेली आणि वासू त्रेसष्टचा, आणि तिनं उतरल्यावर वाचायचं म्हणून त्यानं घरात ठेवलेलं ते बारावं पत्र. फर्दापूरहून एका मुलीनं सरांना कार्ड पाठवलं, 'ती. वासू आजोबांस, बारावं पत्र कधी लिहिणार? मी सातवीत आहे, आठवीत जायच्या आत लिहा.' सरांनी ते कार्ड खिशात ठेवलं आणि मला घेऊन मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसले. संध्याकाळी तिथं बसायची त्यांची सवयच होती.

"मजकूर तयार हाय," ते म्हणाले. "मायना बसंना. वासू आता म्हातारा झाला. हयातभर ताईला चि. लिहून कटाळला. त्याला एकदा पुन्हा लहान व्हायचंय. पण अठराच्या पोरीला ती. लिहिलं तर ती घाबरंल. काय लिहावं रे?"

मी फोनवर साहेबांच्या सभेची वेळ बघत होतो. न बघताच म्हणालो, "सर, 'महोदय' टाका."

सर इतके हसले की खोकल्याची उबळ आली. शेजारच्या बाकावरच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मला माहीत नव्हती.

सर मूळचे पाचोडचे. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, अण्णानं, शेती बघून त्यांना शिकवलं. सर शहरात बोर्डिंगात होते. अण्णा दर बाजाराच्या दिवशी पाचोडच्या पोस्टात बसून कार्ड लिहायचे. 'चि. रंगनाथ यास अण्णाचे आशीर्वाद. इकडील सर्व ठीक. कपाशीला बोंडं लागली. म्हैस व्याली, रेडा झाला. अभ्यास करणे.' वर्षानुवर्षं तेच. मग सर मास्तर झाले, आणि नोकरीवर हजर झाल्याच्या पंधराव्या दिवशी कार्ड आलं, 'श्री. रंगनाथराव यांस रामराम.'

"मी तसाच एसटीत बसलो," सर म्हणाले. "अण्णा वखर हाकत होता. बांधावरनंच विचारलं, अण्णा, माझं काय चुकलं? तर म्हणतो, चुकलं कुठं? तू आता सायब झालास. सायबाला चिरंजीव कसं लिव्हावं? त्याला कौतुक वाटत होतं रे. मी मान वळवली अन् रडलो. लोक म्हणतात अठराव्या वर्षी माणूस मोठा होतो. मी त्या कार्डानं झालो. लई वाईट वाटलं."

"मग तुम्ही सांगितलं नाही, चि. लिहीत जा म्हणून?"

"सांगायचं राहिलं. म्हटलं पुढल्या खेपेला सांगू. दोन वर्षांनी अण्णा गेला. सगळी कार्डं श्री."

गाडी आली, गेली. आम्ही उठलो.

त्यानंतर सर विसरायला लागले. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. एका दुपारी सलीमभाई रिक्षावाला त्यांना घरी घेऊन आला. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, म्हणाला, "चाची, सर बस स्टँड पे बैठे थे. पाचोड की गाडी पूछ रे थे. मैं बोला चलो सर, मैं छोडता. घर लेके आया. गुस्सा हो गए मेरे पे."

माणसाचं वय असं उलटं चालताना मी पाहिलं. महिन्याभरात सर मास्तर राहिले नाहीत, आणखी महिन्याभरात काकूंचे नवरे राहिले नाहीत. बोर्डिंगातला रंगनाथ तेवढा उरला. काकू त्याला भात कालवून द्यायच्या आणि तो त्यांना "बाई" म्हणायचा. काकू एकदा मला म्हणाल्या, "दिलीप, पन्नास वर्षं संसार केला, आता ह्यांच्या मेसची स्वयंपाकीण झाले बघ." म्हणताना हसल्या.

मी गेलो की सर मला ओळखत. पण पाचोडकडे जाणारा-येणारा कोणी माणूस म्हणून. एक दिवस त्यांनी माझ्या हातात घडी केलेला कागद ठेवला.

"पाचोडला चाललाव ना तुमी? अण्णाला द्या."

सर मला 'तुमी' म्हणाले. बाहेर येऊन मी कागद उघडला. 'ती. अण्णास रंगनाथचा शि. सा. न. वि. वि. मी बोर्डिंगात सुखरूप आहे. तुझं पत्र लई दिवस नाही. रागावलास का? चुकलं असल तर पोटात घाल. उत्तर लवकर देणे.' अक्षर तेच, मोत्यासारखं. मायना बिनचूक.

दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न. "आलं का उत्तर?" सकाळी फाटकाशी, दुपारी फाटकाशी. जेवण कमी झालं. काकू म्हणाल्या, "तूच लिही, दिलीप. तुला लिहायची सवय आहे. एकदा कार्ड हातात पडलं की हा जीव शांत होईल."

मी कार्ड आणलं. मजकूर सोपा होता, सरांनीच तर सांगितलेला. इकडील सर्व ठीक. कपाशी बरी. म्हशीनं या वेळी पारडी दिली, कारण रेडा लिहायचं जिवावर आलं. तब्येतीस जपणे, जेवणे. सगळं एका बैठकीत झालं. वरची ओळ तेवढी राहिली. ज्यांच्या छडीसाठी हात पुढे केला होता, ज्यांच्या कार्डावर मी दर वर्षी चि. होतो, त्यांनाच चि. लिहायचं? 'अनेक उत्तम आशीर्वाद' म्हणायचं? माझ्यापाशी एवढे आशीर्वाद होते कुठं? पेन टेकवायचो आणि उचलायचो. सुनंदा दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ऑफिसात दिवसाला चाळीस पत्रं पाडता, आणि इथं दोन अक्षरं निघेनात? ते तिकडं फाटकात उभे आहेत हो."

तेवढ्यात काकूंचा फोन आला. सर सकाळपासून फाटक सोडत नव्हते, ऊन चढलं होतं. मी पायात चपला घातल्या, उभ्या उभ्या दाराच्या चौकटीवर कार्ड टेकवलं आणि लिहून टाकलं. हातानंच लिहिलं म्हणा. शाई वाळावी म्हणून फुंकर मारत तीन गल्ल्या पळालो.

सरांनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. चष्मा लावला. सवयीप्रमाणे वरची ओळ वाचली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहरा आधी फुलला होता, तो हळूहळू मिटला. कार्डाची घडी होत नाही, तरी त्यांनी ती केली.

"सायब समजला मला," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी अजिजीनं, "अण्णाला सांगा हं, मी नाय सायब झालो. मी शाळेतच हाय अजून."

मी कार्ड घेऊन पाहिलं. 'श्री. रंगनाथ यांस.' तीस वर्षांचा ऑफिसातला हात. घाईत दुसरं काय लिहिणार होता?

मी घरी आलो आणि दुसऱ्या कार्डावर लिहिलं, 'चि. रंगनाथ यास अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद'. दोन मिनिटं लागली. तीन दिवस जे जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं, कारण आता लाज उरली नव्हती. कार्ड घेऊन परत गेलो तर सर झोपले होते. अंगात ताप होता, उन्हाचा असावा. रात्री दवाखान्यात हलवलं. दुसऱ्या दिवशी मी कार्ड घेऊन तिथं गेलो. डोळे मिटलेले. हाक मारली, तर नाही.

"वाच," काकू म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. कपाशीपर्यंत आलो तशी काकूंनी हात वर केला. "ते राहू दे. वरचंच वाच. परत."

मी वरचंच वाचलं. परत वाचलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट चकित होऊन बघत होता. बावन्न वर्षांचा एक ढेरपोट्या माणूस ऐंशीच्या म्हाताऱ्याला चिरंजीव म्हणत आशीर्वाद देतोय, पुन्हा पुन्हा, हळू आवाजात, ऑफिसातली टिपणी वाचावी तसा. सरांपर्यंत ते पोचलं का, हे मला माहीत नाही. पापणी हलली असं काकू म्हणाल्या. मला दिसली नाही. तिसऱ्या दिवशी सर गेले.

माझे आईवडील आधीच गेलेले. या वाढदिवसाला पोस्टमन आला तो विम्याचं पाकीट घेऊन. त्यावर माझ्या नावामागे श्री. होतं. आता सगळीकडे श्री.च असणार.

तेराव्यानंतर काकूंनी मला सरांची वही दिली, बाराव्या पत्राची. मजकूर खरंच पूर्ण होता, दोन पानं, एकही खाडाखोड नाही. वर मात्र ओळीखाली ओळ. ती. ताईस, खोडलेलं. प्रिय ताईस, खोडलेलं. चि. ताईस, खोडलेलं. श्री., ते तर इतकं खोडलेलं की कागद फाटला होता. आणि समासात, लाल पेनानं : 'दिलीपला विचारणे. परत.'

"विचारलं होतं का ह्यांनी तुला?" काकूंनी विचारलं.

"एकदा विचारलं होतं."

"मग तू काय सांगितलंस?"

मी समासातली लाल ओळ अंगठ्यानं झाकली. मग म्हणालो, "महोदय."

काकू हसल्या. सर गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, अगदी पोट धरून. मीही हसलो. मग त्यांनी पदर तोंडावरून डोळ्यांवर नेला, आणि मी वही मिटून पिशवीत ठेवली.